भिंगरीच्या आधी बघितलेला सिनेमा

गुरुवार, १२ तारीख, दुपार

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. तुझं पत्र परवा हाती आलं. इकडे आम्ही तिघंही खाऊनपिऊन ठणठणीत आहोत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड चालू आहे, तेव्हा काळजी करण्यासारखं काही नाही. खिडकीतल्या कुंड्यांना तुझी भिंगरी रोज पाणी घालते. जरा सढळ हातानं घालते, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या बाई हल्ली छत्री उघडूनच दाराबाहेर पडतात. तू मात्र डॉक्टर म्हणतात तसं ऐक. बोलायचं नाही म्हणजे नाही. नर्सबाईंना खुणेनं सांग, नाहीतर पाटीवर लिही. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "एवढे दिवस न बोलता राहायचं म्हणजे त्या पोरीनं मागच्या जन्मी काय केलं असेल." मी म्हटलं, "आमच्या नशिबात कुठलं तेवढं पुण्य." त्यानंतर मला चहा उशिरा मिळाला.

आता तू सोपवलेल्या कामाचं लिहितो.

तू लिहिलं होतंस, की शाळा पुढच्या आठवड्यात पोरांना टॉकीजला नेणार आहे, चित्रांचा, गाण्यांचा सिनेमा दाखवायला. त्यात आई आजारी असते असं तुला कुणीतरी सांगितलं. "अण्णा, तुम्ही आधी बघून या. भिंगरीला दाखवण्यासारखा असेल तर बाईंना हो सांगा, नाहीतर काहीतरी निमित्त काढा. आणि शेवटी काय होतं तेही मला लिहा." तुझा शब्द मला मोडवत नाही. शिवाय आपल्या घरात हे काम मला नवं नाही. बाटलीतलं दूध मनगटावर टाकून बघायचं, मग पोराच्या तोंडी द्यायचं, तसंच हे.

तर काल दुपारच्या खेळाला गेलो. निघताना तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "या वयात पोरांच्या सिनेमाला निघालात, आता खिशात रुमाल आणि गळ्यात पाण्याची बाटली अडकवून जा." टॉकीजच्या दारावर तिकीट फाडणाऱ्यानं माझ्या मागे-पुढे बघितलं. "आजोबा, नातवंडं कुठं राहिली?" म्हटलं, "घरी आहेत. मी आधी चाखायला आलोय." तो हसला आणि मला कडेची खुर्ची दिली, म्हणाला, मधेच बाहेर जावं लागलं तर बरं. माझं वय त्याच्या चांगलं लक्षात आलं होतं.

ती खुर्ची मी भरलेली. तुझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट आहे, त्या टॉकीजच्या सगळ्या खुर्च्यांचं काम आमच्या कारखान्याकडे आलं होतं. आत स्प्रिंगा, वर काथ्या, त्यावर लाल मखमल. आता मखमलीचं टक्कल पडलंय, पण स्प्रिंग बोलत नाही. बसल्या बसल्या हात लावून बघितलं. आपल्या हातचं काम इतकी वर्षं लोकांच्या बुडाखाली मुकाट राहिलं, याचा कुणाला अभिमान वाटत असेल तर तो मलाच.

आजूबाजूला सगळी पोरंच पोरं. कुणाचे पाय जमिनीला पोचत नाहीत, कुणाचे दात पडलेत. मी त्यांच्यात म्हणजे चिमण्यांच्या घरट्यात घुबड बसावं तसा.

दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला. सूनबाई, काय सांगू तुला. माझं शिक्षण किती हे तुला माहीत आहे. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलेला माणूस मी. शहाण्यासारखं वर्णन मला जमायचं नाही. एक टेकडी आहे, तिच्यावर पवनचक्की, आणि तिच्यात एक मुलगी आणि तिची आई राहतात. चक्कीची पाती फिरतात, वारा येतो, आणि तो वारा दिसतो. वारा दिसतो, बरं का. गवतातून येतो, मुलीची वेणी उचलतो, बकऱ्याच्या दाढीत शिरतो. त्या दाढीचा एकेक केस वेगळा हलत होता. मी जन्मभर गाद्या भरल्या, केसाचा आणि काथ्याचा स्वभाव मला कळतो. कुठल्यातरी माणसांनी महिनोन्‌महिने बसून ती दाढी हलवली असणार, आणि कुणासाठी, तर दात पडलेल्या पोरांसाठी. मला पहिल्या दहा मिनिटांतच हात जोडावेसे वाटले.

तो बकरा बोलतो. गर्विष्ठ आहे, पण मनाचा चांगला. तुझ्या सासऱ्यासारखा, असं घरी मला ऐकावं लागलं. गावचा एक कारभारी आहे, त्याला आवाज सहन होत नाही. त्यानं गावातल्या घंटा उतरवल्या, पक्षी हाकलले, पोरांच्या बुटांना कापसाचे तळवे लावले. फक्त पवनचक्की गप्प होत नाही. आई जात्यापाशी बसून गाते आणि तेच गाणं पात्यांवरून सगळ्या गावात जातं.

आता तू विचारशील त्या गोष्टी. रक्त कुठेही नाही. बकरा कारभाऱ्याला एकदा मागून शिंगं मारतो, त्यावर टॉकीज कोसळायची बाकी होती. वाईट शब्द म्हणशील तर "मूर्खा" एवढा एकच, तोही बकरा बकऱ्यालाच म्हणतो, आरशात बघून. प्रेमप्रकरण नाही. कपडे सगळ्यांच्या अंगावर पुरेसे आहेत, बकऱ्याच्यासुद्धा. एका गुहेचा प्रसंग जरा भीतीचा आहे, पण पुढच्या रांगेतली चिमुरडी "काही नाही होणार, नुसती वटवाघळं आहेत" असं आपल्या आईलाच समजावत होती. गाणी पुष्कळ. दर थोड्या वेळानं गाणं. गाणं लागलं की सगळ्यांचे पाय हलायला लागायचे आणि मी भरलेल्या त्या खुर्च्या रांगेनं थरथरायच्या. अंधारात ती थरथर पाठीत जाणवायची.

शेवट गोड आहे. घंटा परत चढवतात, पक्षी येतात, सगळे नाचतात. कारभारीसुद्धा.

तेव्हा माझं मत विचारशील तर सिनेमा चांगला आहे. पोरांनी जरूर बघावा. बकऱ्याच्या शिंगांचा रंग तर असा काही साधलाय, की जुन्या पितळी पलंगाच्या गोळ्यांची आठवण झाली. पलंगाचं काम मी

बाकीचं उद्या लिहितो. भिंगरी शाळेतून यायची वेळ झाली.

शुक्रवार, सकाळ

सूनबाई, काल लिहिलेलं आज उठल्यावर वाचून बघितलं आणि माझी मलाच लाज वाटली. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तसला प्रकार. तू विचारलंस शेवटी काय होतं, मी शेवट लिहिला. मधलं गाळलं. तू ते भिंगरीसाठी विचारलंस की स्वतःसाठी, हे मला तुझं पत्र वाचतानाच कळलं होतं. म्हणून तर बकऱ्याची शिंगं घासत बसलो होतो.

मधे आई जाते.

तसं दाखवत नाहीत. कुणी "मेली" म्हणत नाही. मुलगी आईसाठी औषधी पाला आणायला डोंगरात जाते, ती गुहा त्यातलीच. मोळी पाठीवर घेऊन परत येते, टेकडी चढते, आणि पात्यांचा आवाज येत नाही. एवढंच. ती आत जात नाही. एका पात्याला हात लावून उभी राहते. पातं तिच्या हाताखाली थोडं हलतं आणि थांबतं.

मग गाणं नाही. इतका वेळ दर पाच मिनिटांनी गाणाऱ्या त्या सिनेमात गाणं नाही, वाद्य नाही, बकरासुद्धा गप्प. पोरांचं खाणं थांबलं. कागदाच्या पुड्यांचा आवाज थांबला. माझ्या शेजारी दोन लेकरांची आई होती, तिनं दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले. मला वाटलं, आता रडारड होणार, आया पोरांना उचलून बाहेर पडणार. मी मनात तुझ्या पत्राचं उत्तर लिहूनसुद्धा टाकलं: दाखवण्यासारखा नाही, निमित्त काढतो.

तेवढ्यात पुढे कुठेतरी एका बारक्या गळ्यानं गुणगुणायला सुरुवात केली. जात्यावरचं गाणं, आईचं. शब्द नाहीत, नुसती चाल. मग शेजारच्यानं धरली. मग रांगेनं धरली. ज्यांनी आधी बघितला असेल त्यांना ठाऊक असेल, पण ज्यांना ठाऊक नव्हतं तीही म्हणायला लागली, कारण अर्ध्या सिनेमात ती चाल अंगात भिनलेली. पडद्यावरच्या मुलीचं तोंड बंद होतं. तिला गाता येत नव्हतं, तर तिच्या वाटचं ही पोरं गात होती. कुणी सांगितलं नव्हतं. वर दिवा नव्हता, समोर मास्तर नव्हता. एवढ्या पोरांनी एका सुरात, हळू, जणू कुणाला उठवायचं नाही पण एकटंही सोडायचं नाही.

आणि पडद्यावर तिनं मान वर केली.

मला कळतं, सूनबाई, चित्राला कान नसतात. सिनेमा करणाऱ्यांनी तिची मान तिथंच वर करायची आधीच ठरवलेली असणार. तरी माझ्या अंगावर काटा आला तो जाईना. मला आंघोळीतही गाऊ देत नाहीत तुझ्या सासूबाई, तो मीही गुणगुणलो. शेजारची आई गुणगुणत होती आणि तिचे गाल ओले होते. तिचा छोटा तिला म्हणाला, "आई, सूर चुकतोय." ती म्हणाली, "चुकू दे."

पुढे ती मुलगी आत जाते, जात्यापाशी बसते, स्वतः गाते. आवाज फाटका आहे, आईसारखा नाही. पातं हलतं. तिथून शेवटापर्यंत ती गाते, आणि शेवट खरंच गोड आहे. मी काल खोटं लिहिलं नव्हतं. पण नुसता गोड सांगितला तर तो फिका. मधलं कळल्याशिवाय त्याला चव नाही.

एवढं बघून आलो आणि तरी काल दुपारी तुला बकरा लिहून पाठवणार होतो. अडवलं भिंगरीनं.

झालं असं. ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि मोरीत पाय धुताना गुणगुणायला लागली. तीच चाल. मी कागद आवरत होतो, तो तसाच ठेवला. विचारलं, "हे कुठं शिकलीस?"

"वर्गात सगळ्यांना येतं." पाय पुसत आली, पत्रात डोकावली. "अण्णा, आईला लिहिताय ना सिनेमाचं? आई मरते ते लिहिलंत?"

तुझ्या सासूबाईंच्या हातातली पळी भांड्यावर आपटली.

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या बाकावरचीनं. तिनं दोनदा बघितलाय."

"मग तुला भीती नाही वाटली?"

"वाटली. म्हणून तिला पुढचं विचारलं. मग परत भीती वाटली, परत पुढचं विचारलं. मधल्या सुट्टीत सगळा शेवटपर्यंत विचारून घेतला." मग म्हणाली, "ती म्हणते, मधेच उठून गेलं तर सिनेमा वाईट आहे. बसून राहिलं तर चांगला आहे."

मी त्या पत्रावर हात ठेवून बसलो होतो, चोरी पकडल्यासारखा. ती म्हणाली, "नुसतं मरते एवढंच नका लिहू. तेवढंच वाचून आई तिथंच थांबेल. नंतरचं पण लिहा. आणि तिला एकटीला बघायला सांगू नका, तिचा घसा दुखतोय."

"घसा? कोण म्हणालं घसा?"

सूनबाई, तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी शाळेतला आणि ती बाई. "बाबा म्हणतात आईचा फोन बिघडलाय. आणि तेच सांगायला आईच्याच फोनवरून फोन करतात."

आपण मोठी चार माणसं. तू, तुझा नवरा, मी, तुझ्या सासूबाई. तू बोलत नाहीस ते झाकायला डोकं लावून थाप रचली आणि रोज संध्याकाळी तुझ्याच नंबरवरून तिच्या कानाशी धरली. कोंबडं झाकलं, पण टोपली जाळीची. नवऱ्याला माझ्यातर्फे सांग, त्याला खोटं बोलता येत नाही, ही बापाला बरी वाटणारी गोष्ट आहे. पण येत नाही तर बोलू नये.

तिला किती दिवस ठाऊक आहे, मी विचारलं नाही. विचारवलं नाही. एवढं लक्षात आलं, की आपण तिच्यापासून लपवत होतो आणि ती आपल्यापासून, का, तर आपल्याला वाईट वाटू नये. मी त्या टॉकीजात जाऊन बसलो तो सिनेमा तिला सोसेल का बघायला. ती मधल्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून, तोच सिनेमा तुला सोसेल का बघत होती. तिनं काम माझ्यापेक्षा नीट केलं. मी जिथं दचकून निमित्त शोधायला लागलो, तिथं ती आणखी पुढचं विचारत गेली. एवढीशी पोर, अजून बुटाची नाडी उलटी बांधते, आणि हे तिला कुणी शिकवलं मला ठाऊक नाही. टॉकीजात जो काटा आला होता, तोच परत आला.

तुझ्या सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "अहो, आता तरी धड सांगा तिला. की अजून एक खेळ बघून येताय?"

मग सांगितलं. तुला न विचारता सांगितलं, त्याचा दोष माझा. घशात गाठ आहे, ती काढायची आहे, डॉक्टर म्हणतात ती निघेल. तिनं विचारलं, "दुखेल?" म्हटलं, "झोपवतात. नंतर दुखेल थोडे दिवस." "आणि आवाज?" इथं मला पुन्हा शिंगं आठवायला लागली होती. पण म्हटलं, "येईल, नाहीतर नाही येणार, ते डॉक्टरांनाही माहीत नाही."

तिनं फरशीवर पायाचा अंगठा घासला.

"मग आई मला ओरडणार कशी?"

"तुझी आजी आहे की त्या कामाला."

"नको. आई तशीही डोळ्यांनीच ओरडते. मी तिच्याकडे बघत जाईन."

आणि मग रडली. चांगली पोटभर रडली, आजीच्या पदरात तोंड खुपसून. आजीही रडली. मी पुरुषमाणूस, मी चष्मा पुसला. मग तिनं दोन घास जास्त खाल्ले, आणि झोपताना ती चाल गुणगुणत होती. आजीनं सूर चुकीचा लावला तरी तिनं टोकलं नाही.

आज शाळेत जाताना म्हणाली, "बाईंना मीच सांगते, मी वर्गाबरोबर येणार नाही. मी आईबरोबर बघणार." मी म्हटलं, आईला यायला वेळ लागेल, तोवर टॉकीजातून सिनेमा जाईल. तर म्हणते, "मग घरी टीव्हीवर बघू, सिनेमा कुठं पळून जातोय." तिनं सगळं ठरवून ठेवलंय. तू मधे, ती तुझ्या उजव्या हाताला, बाबा दुसऱ्या. मोळी घेऊन मुलगी टेकडी चढायला लागली, की ती तुला आधी सांगणार, म्हणजे तू दचकणार नाहीस. तिथं गाणं थांबतं, तेव्हा आपण म्हणायचं असतं, हेही सांगणार. तुझा आवाज नसला तरी चालेल म्हणते, बाकीचे म्हणतात, त्यासाठीच तर बाकीचे असतात.

हे मी तिच्या तोंडचं लिहिलंय. माझी बुद्धी एवढी नाही.

आता मी ठरवलंय ते ऐक, आणि रागवायचं तर पाटीवर मोठ्या अक्षरात रागव. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी भिंगरीला घेऊन आम्ही दोघं तिकडे येतोय. लहान मुलांना वॉर्डात कधी सोडतात, ते तुझ्या नवऱ्याला नर्सबाईंकडून विचारून ठेवायला सांग. नाहीच सोडलं तर खिडकीखाली उभे राहू. तिला पोटातलं बोलायचं असेल ते बोलू दे. तू बघत राहा. तुला काय म्हणायचंय ते तिला कळतं, एवढं आता मी छातीठोक सांगू शकतो.

तू भिऊ नकोस असं मी लिहिणार नाही. भीती वाटली की पुढचं विचारायचं, अशी या घरातली नवी रीत आहे. मला विचार, डॉक्टरांना विचार, भिंगरीला विचार. मला जे ठाऊक असेल ते सांगेन, नसेल तर नाही म्हणेन. बकरा मधे आणणार नाही.

तू माझं मत मागितलं होतंस. सिनेमा पोरांना दाखवण्यासारखा आहे. मोठ्यांनी एकट्यानं बघू नये. सगळ्यांनी मिळून, शेजारी शेजारी, उठून न जाता बघावा.

रविवारी तुझ्या लेकीचा हात धरून येतो आहे,

तुझा,
अण्णा